साक्षही हवी, गणनाही हवी

अभ्यासासाठी शास्त्रभाग : लूक १:१-४, लूक १५:३-७, गणना १:१-४, २ शमुवेल २४:१-१०



आपल्या मंडळीत रविवारी कोणी साक्ष द्यायला उभे राहिले, की सगळे कान देऊन ऐकतात. त्याच मंडळीच्या वार्षिक सभेत हिशेबाचे वाचन सुरू झाले, की निम्मे लोक घड्याळाकडे पाहू लागतात. साक्ष जिवंत आणि आकडे कोरडे, असे आपल्याला वाटते. कचेरीत याच्या उलट चालते. तिथे आकडा तेवढा खरा आणि माणसाचे बोलणे म्हणजे सांगोवांगी.

मंगरूळपीर भागातल्या आंध आणि पारधी वस्त्यांत काम करताना या दोन्ही समजुती आडव्या येतात. आईचे दुःख आईच्याच तोंडून कळते. पण ते तिच्या एकटीचे आहे की शंभर आयांचे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आजचे आरोग्य संशोधन या दोन पायांवर उभे आहे. एक पाय अनुभवाचा, दुसरा गणिताचा. आपल्या देणग्या आणि प्रार्थना ज्या कामासाठी आहेत, त्या कामाला हे दोन्ही पाय का लागतात, हे या पाठात समजून घेऊ.

१. वैद्य लूक याची रीत

कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल लूकचा उल्लेख प्रिय वैद्य म्हणून करतो. या वैद्याने शुभवर्तमान लिहिताना पहिल्या चारच वचनांत आपली रीत सांगून टाकली आहे. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडून गोष्टी आल्या, त्याने मुळापासून नीट शोध केला, मग त्या क्रमाने मांडल्या. आणि हे सगळे वाचणाऱ्याची खात्री पटावी म्हणून.

विचारणे, तपासणे, क्रम लावणे. लूक कोणाची साक्ष नाकारत नाही आणि ऐकले तसे उतरवूनही मोकळा होत नाही. आजचा संशोधक याच वाटेने जातो. त्याच्या हाती चर्मपत्राऐवजी छापील प्रश्नावली आणि संगणक असतो, एवढाच फरक.

२. गडचिरोलीचा धडा

या रीतीचे आपल्याच विदर्भातले सर्वांत मोठे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढून राहिले. त्यांनी पहिल्यांदा लोकांचे ऐकले. स्त्रिया राणीताईंना आपली अंगावर काढलेली दुखणी सांगत. ही दुखणी तोवर कोणी विचारली नव्हती, म्हणून ती कोणत्याही रजिस्टरात नव्हती. मग दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले. शंभरातल्या ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८ होत्या. दहा बायकांचे गाऱ्हाणे ऐकून कोणी मान हलवली असती आणि पुढे गेले असते. ९२ या आकड्यापुढे तसे करता येईना.

पुढे प्रश्न आला नवजात बाळांचा. एका पावसाळी संध्याकाळी घरी आणलेले बाळ डोळ्यांदेखत दगावल्याचा प्रसंग डॉ. अभय बंग यांनी पुष्कळदा सांगितला आहे. त्या एका बाळाच्या मरणामागे गरिबी, आईचे गरोदरपणातले आजारपण, चुकीच्या समजुती, झालेला उशीर, न मिळालेली वाट अशी लांब साखळी होती. माणसाचे काळीज अशा वेळी म्हणते की सगळेच बदलले पाहिजे. ते खरेही आहे. पण सगळे बदलेपर्यंत बाळे थांबत नाहीत. साखळीची कोणती कडी आज तोडता येईल, हे शोधायचे तर मोजमाप हवे.

म्हणून गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले गेले. त्या घरोघरी जाऊन बाळाचे वजन करत, ताप पाहत, श्वास मोजत आणि सगळे लिहून ठेवत. या नोंदींच्या गणितातून मोठी गोष्ट पुढे आली. बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे असले म्हणून बहुधा एवढ्यानेच जात नव्हते. त्यात जंतुसंसर्ग, थंडी वाजून गार पडणे, दूध न ओढणे अशा एकावर एक गोष्टी जमल्या की मरणाचा धोका एकदम चढत होता. म्हणजे जन्माचे वजन बदलता आले नाही, तरी पुढची भर रोखता येते. बाळाला ऊब, आईचे दूध, स्वच्छता आणि वेळेवर औषध व इंजेक्शन देऊन ३९ गावांत हे केले गेले आणि ४७ गावे तुलनेसाठी धरली. सुरुवातीला हजारी ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. २०११ पासून भारत सरकारने अशी घरपोच नवजात काळजी आशाताईंच्या कामात घेतली. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा वेळा, घरी झाले असेल तर सात वेळा. तिच्या पिशवीतल्या वजनकाट्यामागे गडचिरोलीच्या आयांची साक्ष आहे आणि आरोग्यदूतांची गणनाही.

३. मॉडेल म्हणजे काय?

'डेटा मॉडेल' हा शब्द ऐकून बिचकायला नको. आपण शेतकऱ्यांच्या मुलखात राहतो. पीक विम्यासाठी सोयाबीनचा पीक कापणी प्रयोग आपण पाहिला आहे. सगळ्या महसूल मंडळातले सोयाबीन कोणी मोजत नाही. चिठ्ठी टाकावी तशी काही शेते निवडतात, त्यांत ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढ्याची कापणी आणि मळणी करून दाणे तोलतात आणि त्यावरून मंडळाचे उत्पन्न काढतात. थोड्याच्या खऱ्या मोजणीवरून पुष्कळांचा अंदाज बांधण्याची ही शिस्त झाली. आरोग्यातले मॉडेल हेच करते. फक्त त्यात वय, ऋतू, गाव, दवाखान्याचे अंतर अशा आणखी गोष्टींचा हिशेब धरलेला असतो.

याच उदाहरणात धोकाही दिसतो. निवडलेले शेत नेमके ओलिताचे निघाले, तर कोरडवाहूवाल्याचे नुकसान कागदावर दिसतच नाही. तुकडा चुकला तर मंडळ चुकते. म्हणून कोण मोजला गेला, याइतकेच कोण सुटला, हेही विचारावे लागते.

४. सर्पदंश : दवाखान्याबाहेरची मरणे

आता अशी गोष्ट घेऊ, जी जूनपासून आपल्या प्रत्येक वस्तीच्या उंबऱ्याशी असते. भारतात साप चावून वर्षाला किती माणसे मरतात? बरीच वर्षे उत्तर दवाखान्यांच्या नोंदींवरून दिले जाई. पण जो दवाखान्यात पोहोचलाच नाही, तो त्या नोंदीत कसा येणार?

भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयाने आणि डॉ. प्रभात झा यांच्या संशोधक गटाने देशभरातून निवडलेल्या भागांत घरोघरी जाऊन मृत्यूची चौकशी केली. 'मिलियन डेथ स्टडी' या नावाने हे काम ओळखले जाते. त्यातल्या रीतीला 'व्हर्बल ऑटोप्सी' म्हणतात. शवविच्छेदन न होता गेलेल्या माणसाच्या घरच्यांना शेजारी बसून विचारायचे : काय झाले, आधी काय दुखले, किती वेळ गेला, कोणता महिना होता? त्यांच्या शब्दांत ते लिहून घ्यायचे. मग दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता ते वाचून मृत्यूचे कारण ठरवतात.

यात घरच्यांच्या बोलण्याला किती मोल आहे पाहा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. पुष्कळदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, श्वास बंद पडतो. कागदावर नुसते 'झोपेत मृत्यू' लिहिले, तर साप कुठेच दिसत नाही. पण घरची बाई जेव्हा सांगते, की खाली सतरंजीवर निजला होता, पावसाचे दिवस होते, पहाटे पोट दुखते म्हणाला आणि डोळे उघडेनात, तेव्हा जाणत्या डॉक्टरला कारण ओळखू येते. त्या बाईला वैद्यक ठाऊक नाही. तिने पाहिले आहे, आणि तेच कामाला येते.

२००१ ते २००३ या काळातल्या सुमारे १,२३,००० मृत्यूंच्या चौकशीत सर्पदंशाचे ५६२ निघाले. एवढाच आकडा ऐकला तर तो लहान वाटेल. पण ही निवडलेल्या भागांची मोजणी होती. तिच्यावरून देशाचा अंदाज काढला तेव्हा वर्षाला सुमारे ४५,९०० मृत्यू निघाले; दवाखान्यांच्या सरकारी आकड्याच्या तीसपटीहून अधिक. त्यांतले शंभरात ९७ ग्रामीण भागातले होते. संशोधकांनी खरा आकडा ४०,९०० ते ५०,९०० च्या दरम्यान असावा, असेही सांगितले. आपल्या अंदाजाची हद्द सांगणे ही प्रामाणिक गणिताची खूण आहे.

पुढे २०२० साली याच पद्धतीने २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आला : सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. देशाच्या दृष्टीला न दिसणारी मरणे घरच्यांच्या साक्षीने आणि गणिताने मिळून दिसू लागली.

५. एका पाळकाचे गणित

आपल्या वाचकांना कदाचित नवल वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगतो. आज आरोग्याच्या असंख्य मॉडेलांत वापरले जाणारे एक सूत्र एका पाळकाच्या नावाने ओळखले जाते. थॉमस बेज हे अठराव्या शतकात इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथील प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. १७६१ साली ते वारले. त्यांचा निबंध त्यांच्यामागे, १७६३ साली, रिचर्ड प्राइस या दुसऱ्या धर्मसेवकाने पुढे आणला.

त्यातला विचार साध्या भाषेत असा : आधी जेवढे ठाऊक आहे त्यावरून एक अंदाज धरा, नवी साक्ष आली की तिच्या वजनाप्रमाणे तो अंदाज बदला, पुन्हा साक्ष आली, पुन्हा बदला. झोपेत माणूस गेला म्हटल्यावर हृदयविकार हा पहिला अंदाज. पावसाळा होता कळल्यावर तो थोडा हलतो. खाली निजला होता कळल्यावर आणखी. पापण्या मिटल्या होत्या कळल्यावर तो पुरता सापाकडे वळतो. तोंडी चौकशीवरून संगणकाने कारण काढण्याच्या काही पद्धती याच सूत्रावर चालतात. आपले मत धरून ठेवायचे, पण साक्षीपुढे ते बदलण्याची तयारी ठेवायची, ही नम्रता सेवकालाही शोभणारी आहे.

६. गणना कशासाठी?

पवित्र शास्त्रात दोन गणना शेजारी ठेवून वाचाव्यात. सीनायच्या रानात परमेश्वराने मोशेला लोकांची गणना घराण्यांप्रमाणे, नावानिशी करायला सांगितली. दाविदाने गणना करवली तेव्हा मात्र योआबासारख्या सेनापतीलाही ते रुचले नाही आणि शेवटी दाविदाचे मन त्यालाच टोचू लागले. मोजणे दोन्हीकडे होते; हेतू वेगळा होता. आपले बळ किती, हे पाहून सुखावण्यासाठी केलेली गणना माणसाला आंधळे करते. हे आपल्या सेवाकार्यालाही लागू आहे. किती शिबिरे घेतली, किती घोंगड्या वाटल्या, याची बेरीज अहवालात शोभते. पण किती बाळे वाचली आणि किती गेली, ही मोजणी वेगळी आहे. ती करायला धीर लागतो.

मोशेच्या त्या गणनेतही वीस वर्षांवरील, लढाईस योग्य पुरुष तेवढे मोजले होते. गणनेचा हेतू ठरला की तिच्याबाहेर कोण राहणार, तेही ठरते. आपला वाशिम जिल्हा २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि ४९ निर्देशांकांवर त्याची प्रगती मोजली जाते. हे चांगलेच आहे. पण जिल्ह्याची सरासरी सुधारली, म्हणजे वस्तीची सुधारली असे होत नाही. आपल्याकडे आदिवासी बांधव थोडे आहेत आणि विखुरलेले आहेत. सरासरीत ते विरघळून जातात. पाहणीला माणूस येतो तेव्हा घराला कुलूप असते, कारण घरचे वीटभट्टीवर गेलेले असतात. डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य तज्ज्ञ समितीने २०१८ च्या अहवालात दाखवून दिले, की देशात १० कोटींहून अधिक आदिवासी असूनही त्यांच्या आरोग्याची वेगळी, पुरेशी माहिती गोळाच होत नाही.

इथे प्रभू येशूचा दाखला आठवतो. शंभर मेंढरांतले एक हरवले. सरासरी पाहिली तर नव्याण्णव टक्के काम चोख आहे! मेंढपाळाला मात्र उणीव कळते, कारण त्याने मोजलेले असते. आणि तो निघतो, कारण ते एक त्याच्या ओळखीचे असते. नुसती ओळख असती आणि मोजणी नसती, तर हरवलेले कळलेच नसते. नुसती मोजणी असती, तर एकासाठी रानात कोण गेले असते?

७. आपण काय करावे?

पहिले, विचारायला शिकावे. वस्तीत बाईला 'तुले लेकरं किती?' विचारले की ती म्हणते, 'तीन हायेत.' 'बायतपनं किती झाले?' विचारले की पाच निघतात. मग दोन लेकरांची गोष्ट हळूहळू येते. गेलेल्या लेकराचे नाव आई उगीच घेत नाही. प्रश्न बदलला नाही, तर ती दोन मरणे कोणत्याही गणनेत येत नाहीत. असे विचारायला घाईचा माणूस चालत नाही. आधी बसावे लागते, चहा घ्यावा लागतो, आणि तिला सांगायचे नसेल तर उठून यावे लागते.

दुसरे, नोंद करवावी. जन्म आणि मृत्यू २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंदवता येतो. एका दिवसाचे होऊन गेलेल्या बाळाचीही जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी व्हायला हव्यात. 'आता कागद करून काय उपयोग?' असे घरचे म्हणतात. उपयोग दोन आहेत. शेतकरी कुटुंबातला माणूस साप चावून गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून दोन लाखांचे साहाय्य मिळू शकते. कागदांशिवाय ते मिळत नाही. दुसरा उपयोग सगळ्या वस्तीचा : नोंद नसलेले मरण कोणत्याच हिशेबात धरले जात नाही आणि त्या हिशेबावरच औषधे आणि माणसे कुठे पाठवायची हे ठरते. मंडळीतल्या लिहित्या-वाचत्या तरुणांनी अशा घरांसोबत ग्रामपंचायतीपर्यंत जाणे, ही मोठी सेवा होईल.

तिसरे, साक्ष जपावी. माणूस आपले दुखणे विश्वासाने सांगतो. त्याची परवानगी घ्यावी, त्याचे नाव आणि फोटो मिरवू नयेत. देणगीसाठी सर्वांत जास्त रडवणारी गोष्ट निवडण्याचा मोह सेवेत असतोच. पण ज्या वस्तीची गोष्ट सांगणारे कोणी नाही, तिची गरज कमी नसते. कोणत्या वस्तीत आधी जायचे हे मोजून ठरवावे आणि तिथे जाऊन प्रत्येकाचे ऐकावे.

चौथे, जे कळले ते लगेच वापरावे. या पावसाळ्यात आपल्या वस्त्यांत खाटा आणि मच्छरदाण्या देता आल्या, तर मण्यारापासून पुष्कळ बचाव होईल. साप चावला तर चिरा देऊ नये, घट्ट बांधू नये, हात-पाय हलवू न देता १०८ ला फोन करून सरळ सरकारी दवाखाना गाठावा. मंत्र टाकणाऱ्याकडे गेलेला एक तास परत मिळत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. लूक १:१-४ मधील रीत आपल्या मंडळीच्या सेवेत कुठे दिसते आणि कुठे कमी पडते?

२. मागच्या पाच वर्षांत आपल्या गावात किती नवजात बाळे दगावली, हे आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? नसेल, तर कोणाला विचारावे लागेल?

३. आपल्या अहवालांत आपण आपले बळ मोजतो की हरवलेले मेंढरू शोधतो?

प्रार्थनेचे विषय

ज्या आयांनी आपल्या लेकरांचे दुःख कोणालाच सांगितले नाही, त्यांच्यासाठी. ऊन-पावसात घरोघरी जाऊन नोंदी करणाऱ्या आशाताई, अंगणवाडीताई आणि परिचारिकांसाठी. संशोधकांना सत्य सांगण्याचे धैर्य मिळावे यासाठी. आणि ज्याने आपल्या डोक्यावरचे केसही मोजले आहेत, त्या देवाने आपल्याला न मोजलेल्यांकडे पाहण्याची दृष्टी द्यावी, यासाठी. आमेन.